देवीचं झाड

एरवी नवऱ्याला "अहो" म्हणतानाही पदर सावरणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू, नवरात्रात आरती टिपेला पोचली की केस मोकळे सोडून घुमायला लागत आणि काकांना सरळ हुकूम सोडत, "ए वसंता, इकडे ये!" एकलहऱ्याच्या वीज केंद्रात अख्ख्या शिफ्टला धारेवर धरणारे काका हात जोडून पुढे येत.

देवी जिच्या अंगात येते तिला ती झाड म्हणते. काकूंच्या देवीला आपल्या झाडाची भारी काळजी. "माझं झाड कधीचं माहेरी गेलं नाही. पाठव!" की दुसऱ्या दिवशी काका काकूंना येवल्याच्या एसटीत बसवून देणार. एकदा तर देवीने चक्क मिक्सर मागितला. कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मग आपापली गाऱ्हाणी घेऊन त्याच देवीपुढे बसायच्या.

मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. जगातलं सगळं आपल्याला कळलंय असं वाटायचं ते वय! "काकू, तुम्हाला जे बोलता येत नाही ते देवी बोलते," मी एकदा ऐकवलंच.

त्या मेथी निवडत होत्या. "असेल बाई. पण माझी धाकटी लेक गेली ना, त्या वर्षी मला रडूच येत नव्हतं. वणीच्या गडावर गेले, तर पाठीवरून कुणीतरी हात फिरवला. वळून बघते तो कुणी नाही. मग ढसाढसा रडले. तो हात पण माझाच होता म्हणतेस?"

मी मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला लागले.

काका गेल्यावर मात्र काकू सणवार सोडून कधीही घुमायला लागल्या. जेवण नाही, झोप नाही. मुलाने घाबरून डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या लागू पडल्या, काकू पोटभर जेवू लागल्या. पण त्या नवरात्रात आरती संपली तरी त्यांचा अंबाडा बांधलेलाच होता. देवी आलीच नाही.

सगळे पांगल्यावर त्यांनी माझा हात धरला. "गोळी सोडू का गं? ती दारात उभी असेल आणि मीच कडी घालून बसले असेन तर?"

"सोडू नका, काकू. लेक निवांत झोपली म्हणून कुठली आई रागावते का?" हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

गोळी त्यांनी सोडली नाही, पण रुखरुख काही जाईना. मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "आता माझ्याने गडावर जाणं व्हायचं नाही. तू जा कधीतरी. तिला सांग, मी तिला हाकललं नाही."

"सांगते," म्हणाले खरी, पण जाणं राहिलं. मधे काकूही गेल्या.

मी देव मानत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी परवा गडावर जाऊन रांगेत उभी राहिले. देवीसमोर पोचले, तर मागून ढकलाढकली सुरू. "ओ ताई, चला ना पुढे!"

"आई," मी घाईघाईने म्हणाले, "काकूंनी तुला हाकललं नव्हतं गं."

निरोप सांगून झाला. मागचे लोक ओरडत होते, तरी माझा पाय निघेना. ती काय म्हणते, ते मला ऐकायचं होतं.