काका पाहुणे नव्हते

खडवलीच्या पुढे एका ट्रस्टची छोटी शेड आहे. तिथे वाफेवरची जुनी इंजिनं दुरुस्त करून थोड्याशा रुळांवर चालवतात. पगारी माणसं चार, बाकी आम्ही रविवारचे व्हॉलंटियर. मी मानपाड्याहून जाते. मला लोकांशी फारसं बोलता येत नाही, नोंदी मात्र नीट ठेवता येतात. त्यात माझी शाळा इंग्रजी, म्हणून ट्रस्टची पत्रं माझ्याच गळ्यात पडलेली.

मला काम शिकवणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. एका रविवारी इंजिनाखालचा जॅक घसरला आणि त्यांची दोन बोटं चिरडली. एक अर्धं काढावं लागलं.

ट्रस्टचा अपघात विमा व्हॉलंटियरांनाही लागू आहे, फक्त माणूस त्या दिवशी कामावर असल्याचा पुरावा लागतो. हजेरीच्या मस्टरवर काकांची सही नव्हती. ती कधीच नसायची. शेडमधल्या सगळ्या निवृत्त फिटरांचा हा हट्टच होता: जन्मभर मस्टर भरलं, आता आम्ही आमच्या मर्जीने येतो. फाटकावरच्या पाहुण्यांच्या वहीत मात्र ते झोकात सही ठोकायचे आणि आज साहेब तपासणीला आलेत म्हणून एकमेकांना हसायचे. त्या रविवारीही काकांची सही त्या वहीतच होती.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी मला ऑफिसात बोलावलं. रिपोर्टचा मजकूर तयारच होता, मी तो इंग्रजीत उतरवायचा होता. एक पाहुणा परवानगी नसताना इंजिनाखाली गेला, असा. ट्रस्टवर ठपका आला तर शेड बंद पडेल, मग काकांनाच वाईट वाटेल, असं ते समजावत राहिले. मी मान हलवली. मी मान हलवली की लोक होकार समजतात. मला फक्त ऐकू आलेलं असतं.

संध्याकाळी काकांकडे गेले. मागच्या तारखेने मस्टरवर सही करून टाका, असा सल्ला त्यांना कुणीतरी दिलेला. तो त्यांनी उडवून लावलेला.

"खोटी सही नको," बँडेजकडे बघत ते म्हणाले. "पण मी पाहुणा नव्हतो गं."

इंजिनाखाली शिरणारा माणूस आपल्या नावाची पत्र्याची पाटी इंजिनाच्या हँडलला अडकवतो. तो बाहेर येऊन स्वतः ती काढेपर्यंत इंजिनाला कुणी हात लावत नाही. शेडमध्ये हा नियम मस्टरपेक्षा मोठा. मी दर रविवारी कामाचे फोटो काढते. त्या रविवारच्या फोटोत काकांची पाटी होती, कोपऱ्यात तारीख आणि वेळही होती. शेजारच्या फळ्यावर 'ब्रेकचं काम' आणि पुढे काकांचं नाव, सेक्रेटरींच्याच अक्षरात.

मी रिपोर्ट लिहिला. सही का नव्हती तेही लिहिलं, कारण ती चूक आमचीच होती. फोटो जोडले, विमा कंपनीला मेल केला आणि एक प्रत सेक्रेटरींना पाठवली.

पुढच्या रविवारी सेक्रेटरी फाटकातच उभे होते.

"अगं, तुला लिहायला सांगितलं होतं, अक्कल चालवायला नाही. यापुढे येऊ नकोस."

पाय तिथून निघायला बघत होते.

"बरं," मी म्हटलं. "मला का काढलं ते लिहून द्या. तारीख टाकून. तेही कंपनीला पाठवते."

ते फाटकातून बाजूला झाले. क्लेमची चौकशी अजून चालू आहे. मला अजून कुणी काही लिहून दिलेलं नाही, त्यामुळे मी दर रविवारी जाते.