ओटमील रंगाची गोधडी

लेकीने मला रंग शिकवायला घेतले तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि तिला सहावा महिना लागला होता. तोवर मी रंगांच्या बाबतीत ठार अडाणी होते, असं आता म्हणायला हवं. नागपूरला लग्नाच्या खरेदीला गेलं की मी आपली आमसुली, डाळिंबी, श्रीखंडी, मोरपंखी असली नावं घ्यायची. दुकानदारही बिचारा तेवढाच अडाणी, बरोबर तीच साडी काढून समोर टाकायचा. दोघांचंही कोणी प्रबोधन केलेलं नव्हतं.

बाळासाठी गोधडी मी शिवणार, हे ठरलेलंच होतं. बाळंतपण आमच्याकडे जबलपूरला होणार, हेही ठरलेलं होतं, फक्त ते मी एकटीने ठरवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मागची खोली रंगवून घेतली, मालिशवाल्या बाईला सांगून ठेवलं, डिंक नि अळीव डब्यात भरून ठेवले. लेक मात्र बेंगळुरूहून दर फोनला "देखते हैं ना, आई" एवढंच म्हणे. तिने यावं, बाकी मला काही नको होतं. पण आग्रह केला की ती हटकून उलटं करते, हा गुण तिने बापाकडून उचललाय. म्हणून मी तोंड मिटलं आणि सुई हातात घेतली. गोधडी आग्रहात मोडत नाही.

कपाटातून मऊ झालेल्या सुती साड्या काढल्या, पलंगावर मांडल्या आणि हौसेने फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आई, सुंदर आहे, पण किती लाऊड! बेबीला इतके कलर नाही चालत."

"काहून? ते तक्रार करून राहिलं का पोटातून?"

"मैं एक ॲप भेजती हूँ. तू साड्यांचे फोटो टाक, ते सांगते कोणता कलर कोणासोबत जाते. आणि एक फोटो पाठवून राहिली आहे, त्यातलेच कलर घे. ओके?"

फोटो एका भिंतीचा होता. फिकट, शांत, एकही डाग नसलेली भिंत. नेटवरून घेतला असेल, असं मी धरून चालले. इतकी स्वच्छ भिंत माझ्या लेकीच्या घरात असणं शक्य नव्हतं.

ॲप मोठं विद्वान निघालं. फोटोवर बोट ठेवलं की एक थेंब यायचा, तो थेंब जिथे टेकेल तिथला रंग उचलायचा आणि त्याचं नाव सांगायचा. भिंत 'ओटमील' निघाली. म्हणजे पेज. पडदा 'डस्टी रोज', म्हणजे धुळीत पडलेला गुलाब. भिंतीवरची पट्टी 'सेज ग्रीन', म्हणजे विटका हिरवा. मग त्याने माझ्या साड्यांना शंभरपैकी गुण दिले. डाळिंबी नापास. मोरपंखी नापास. राणी रंगाच्या साडीला तर इतके कमी गुण पडले की मला तिची कीव आली. माझ्या मंगळागौरीची हळदी साडी सकाळी 'मस्टर्ड' होती आणि संध्याकाळी 'कॅरामेल'. नापास मात्र ती दोन्ही वेळेला झाली.

तरी मी हरले नाही. शेजारच्या भाभींकडे जाऊन थेंबाने उचललेला हिरवा दाखवला आणि असली जुनी साडी आहे का विचारलं. त्यांनी मोबाइल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दीदी, तबीयत तो ठीक है? इतना बुझा-बुझा रंग कौन पहनता है?"

कोणीच नेसत नाही, हे मलाही कळत होतं. म्हणून मी माझी चांगली पोपटी साडी सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि चार दिवस गच्चीवर उन्हात टाकली. दर दुपारी वर जायचं, फोटो काढायचा, गुण बघायचे. चौथ्या दिवशी साडीचा रंग पार उतरला आणि ॲपने तिला शंभरात ब्याण्णव दिले. शाळेत मला गणितात कधी एवढे पडले नव्हते. मी धावत खाली येऊन ह्यांना दाखवलं. ह्यांनी उभा जन्म संरक्षण कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढला, जगात फौजी हिरवा हा एकच रंग ह्यांना ओळखू येतो. "हा तर उन्हात उभ्या ट्रकचा कलर झाला," म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. पेज आणि गुलाब जुन्या परकरांत सापडले होते, म्हणजे तीन रंग जमले होते, चौथा हवा होता. ॲपच्या मते गोधडीला कडेने एक गडद रंग लागतो. भिंतीच्या फोटोत खाली कोपऱ्यात काहीतरी खाकी होतं. त्यावर थेंब टेकवला, 'कॅमल' आलं. वा! ह्यांची जुनी खाकी पँट कापून मी कड बेतली. वरचे तुकडे जोडले, आतले थर घातले, धावदोरा सुरू केला. महिनाभर रोज तो फोटो बघत होते.

एका दुपारी ह्यांनी चष्मा लावून तो फोटो मोठा केला. "हा खाकी डब्बा कसला?"

"डबा नाही हो, कॅमल आहे."

"अगं, डब्बा आहे, पुठ्ठ्याचा. त्यावर लिहून आहे, वाच. पाळणा आहे हा. पाळण्याचा डब्बा." मग खिडकीवर बोट ठेवून म्हणाले, "तिच्याच घरची भिंत आहे ही. खिडकीबाहेर तिच्या बिल्डिंगची टाकी दिसून राहिली."

टाकी होती. मी तिचाही रंग उचलला होता, पसंत पडला नाही म्हणून सोडून दिला होता.

मी फोन लावला. "पाळणा आला म्हणे."

 ती म्हणाली, "आई, सांगणारच होते. डॉक्टर इथलीच आहे, माझं बीपी वरखाली होऊन राहिलं, ती ट्रॅव्हल नको म्हणते."

"मग सांगितलं काहून नाही? महिनाभर मी इथे पेजेचा रंग शोधून राहिले."

"तू किती खूश होतीस कलर्समध्ये. मला वाटलं, चलो, बिझी आहे तर बिझी राहू दे."

म्हणजे पोरांच्या हातात मोबाइल देऊन त्यांना गप्प बसवतात, तसं मला बसवलं होतं. आणि मी बसले होते, गुण मोजत. मला इतका राग आला की रडूच आलं. तिला म्हटलं, "तुझी गोधडी होऊन राहिली आहे. शंभरात ब्याण्णव आहेत. कुरिअरने पाठवून देते, भिंतीला शोभेल."

"कुरिअर नको. तू घेऊन ये ना," ती म्हणाली. आणि मग हिंदी नाही, इंग्रजी नाही, लहानपणी बोलायची तसं मोडकंतोडकं मराठी बोलायला लागली. "आई, मला खूप भीती वाटून राहिली. रात्रीला झोप नाही येत. बाळाला ती जुळत्या रंगाची दे. मला एक वेगळी कर. तू घरात नेसते ना, ती साडीची. आणि ती धुवू नको."

माझा राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. तिला म्हटलं, बघते. फोन ठेवला, अंगावरची साडी बदलली आणि कात्री शोधायला लागले.