मागचे शॉकअप

माझ्याकडे पहिला मोबाइल आला, त्याच वर्षीची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे एक जुनी, उंच, आठ माणसं बसतील अशी गाडी होती. हापूसच्या दिवसांत पेट्या वाहायच्या आणि एरवी घरची माणसं. देवगडच्या खाऱ्या हवेने तिचा पत्रा खालून गंजला होता, पण इंजिन ठणठणीत होतं.

शिमग्याच्या सुमारास मेकॅनिकने तिच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी एकदा उठून थांबायला हवी होती. ती तीन-चारदा झुलली. त्याने खाली वाकून बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं ते बोट मला दाखवलं.

"दादानू, मागचे दोनय शॉकअप गेले. बदलूक होये."

"विकायचा विचार आहे रे," मी म्हणालो.

"मग बघा तुमी. पण मागे बसतल्या माणसाक त्रास होतलो."

विकायच्या गाडीला नवं सामान कशाला, असा माझा हिशेब होता. फोंडाघाटचा एक गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होता. तो यायच्या आधी मी फडक्याने ते गळलेलं तेल पुसून काढलं, हेही सांगून टाकतो. त्याला गाडी आवडली. दिवाळीनंतर घेतो म्हणाला.

श्रावणात आई विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर अँब्युलन्सबद्दल बोलले, तर आईने हात जोडले. "अँबुलन्सान घराक इलंय तर लोक म्हणतले, म्हातारी गेली. माका आपल्या गाडीतसून व्हर."

मागची सीट गाद्या घालून सपाट केली. बायको तिच्यापाशी बसली. मुंबईहून आलेला धाकटा भाऊ माझ्या शेजारी, आणि गाडी मी चालवत होतो. घाट अगदी सावकाश उतरवला. मधूनमधून विचारत होतो, "आई, बरां आसा मां?" दर वेळी उत्तर यायचं, "बरां आसा." माझी सीट नेहमीसारखी होती. मला काहीच जाणवत नव्हतं.

फोंडाघाटच्या बाजारात चहाला थांबलो. बायको खाली उतरली ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हयसून गाडी भावोजींका चलवूक देवा. तुमी मागे बसा."

इतक्या वर्षांत मी माझ्या गाडीत मागे कधी बसलोच नव्हतो. बाजार सुटला आणि पहिला खड्डा आला. चाक आदळलं, पण गाडी तिथे थांबली नाही. ती पुन्हा उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. एका खड्ड्याचे चार धक्के. आईने पदराचा बोळा दातांत धरला होता. डोळे मिटलेले, आणि पुढच्या खड्ड्याआधीच श्वास रोखलेला. मी तिच्या मांडीखाली दोन्ही हात सरकवले. हातांवर धक्का यायचा तेव्हा तिचं अंग कसं आक्रसतं ते कळायचं.

"दुखता?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना माझ्या तोंडी आमची बोली आपसूक येते.

तिने पदर बाजूला केला. "नाय रे. गाडी तुझी बरी आसा."

मला तिच्याकडे बघवेना. घर येईपर्यंत मी हात काढले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने आईची चौकशी केली. त्यावरून तो मला सुनावेल असं वाटलं होतं, पण त्याने सरळ कोल्हापूरहून जोडी मागवली. जुने बोल्ट गंजून असे बसले होते की छिनीने तोडावे लागले. अख्खी सकाळ त्यात गेली. निघालेला शॉकअप त्याने माझ्या हातात दिला. मी दांडी दाबली. ती कसलाही अडथळा न होता सरळ आत गेली आणि तिथेच राहिली.

"स्प्रिंगाचे पाटे जुनेच आसत हां," तो म्हणाला. "पण उडाची नाय आता."

गिऱ्हाइकाला मी फोन करून सांगितलं, गाडी द्यायची नाही. तेल पुसल्याचंही सांगितलं. तो म्हणाला, "बरां झाला सांगलास."

दीड महिन्यांनी आईला तपासणीसाठी पुन्हा कोल्हापूरला नेलं. या वेळी ती उशीला टेकून बसली होती. सुरुवातीला सीटचा कठडा घट्ट धरून होती, मग हात सैल झाला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. "खड्डो गेलो मां?" तिने सुनेला विचारलं.

परतताना चहाला थांबलो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. शिमग्यापासून मला माहीत होतं, आणि मी चालढकल केली. ती बशीतला चहा पीत राहिली. बशी खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी सांगलंस नाय ता बरां केलंस. माका उगीच भिया वाटला असता."

मी तिच्यासाठी आणखी अर्धा कप सांगितला.