तेर्सानंतरचं गाणं

मालवणहून कुडाळकडे जाताना डाव्या हाताला जी ख्रिस्तांवांची वाडी लागते, तिथे आता उघडी घरं कमी आणि कुलपं जास्त. उघड्या घरांपैकी एक कार्मेलिनाचं. लग्नाच्या गाऊनपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं तिने आयुष्यभर शिवलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून फक्त फॉल-पिको आणि पडद्यांची कामं घेते. नवरा आर्थर गेल्यापासून घरात ती एकटी. मुलगा मॅक्सवेल कॅनडात, त्याची बायको मर्लिन आणि पाच वर्षांची एलिना तिकडेच.

आर्थरने बहारीनची नोकरी सोडून येताना एक अँप्लिफायर आणि माणसाच्या कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर आणले होते. कॅसेटचा डेक बुरशीने गेला. हे मात्र हॉलमध्ये आल्तारच्या, घरातल्या देव्हाऱ्याच्या शेजारी तसेच उभे होते, मुके. कार्मेलिना आल्तार पुसायची तेव्हा त्यांच्यावरूनही फडकं फिरवायची. घरातली माणसं पुसून ठेवावीत तशी.

चतुर्थी संपून गावातली मुंबईकर मंडळी परत गेली त्या सुमारास मॅक्सवेलने एक पार्सल पाठवलं. आत पाव किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा काळा डबा. त्याला स्ट्रीमर म्हणतात, असं मॅक्सवेलने फोनवर समजावलं. त्यात कॅसेट नाही, सीडी नाही. तो इंटरनेटवरून गाणं ओढतो आणि पप्पांच्या अँप्लिफायरला देतो. तिला काहीही करायचं नाही. तो तिथून, कॅनडातून, आपल्या मोबाइलवरून गाणं लावू शकेल आणि ते तिच्या हॉलमध्ये वाजेल.

बाकी सगळं कानांवरून ओघळून गेलं, हे शेवटचं वाक्य मात्र तिने धरून ठेवलं.

जोडायला गुरुदास वायरमन आला. वाडीत कुणाच्या घरी कुठली वायर कुठून जाते हे त्याला त्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक, आणि तोंड कधी बंद नाही. बाहेरच्या खोलीतलं वायफाय चिऱ्याच्या जाड भिंतीतून हॉलमध्ये पोचेना, तेव्हा त्याने वाशांवरून वायर नेली. लाल आणि पांढरी पिन अँप्लिफायरच्या मागे बसवली. बटण दाबल्यावर स्पीकरमधून गाण्याऐवजी घूं घूं आवाज यायला लागला. जणू पेटीत कुंभारीण माशी कोंडली होती.

"कार्मेलिनबाय, तुमच्या घराक अर्थिंगच नाय," गुरुदास म्हणाला. "इतकी वर्सां शॉक लागाक नाय ती तुमच्या मारीयामाऊलीची पुण्याई."

मग परसात पोफळीच्या मुळाशी खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, वर कोळसा, वर जाडं मीठ. खड्डा ओला ठेवायचा, उन्हाळ्यात रोज कळशीभर पाणी घालायचं, असं त्याने बजावलं. लाईट गेली की डबा बंद पडतो आणि परत नेट शोधायला वेळ घेतो, म्हणून इन्व्हर्टरची लाइन तिथपर्यंत ओढली. शेवटी घूं घूं थांबलं, डब्यावर हिरवा दिवा लागला, आणि मोबाइलवर तोंड दाखवत बसलेल्या मॅक्सवेलने तिकडून काहीतरी दाबलं. आर्थरला आवडायचं तसलं व्हायोलिन हॉलभर पसरलं. कौलांवरची मांजर उठून निघून गेली.

"आता झील थंयसून वाजयतलो आणि तुमी हंयसर नाचतल्यात," असं म्हणून गुरुदासने अवजारं पिशवीत भरली.

फोन ठेवताना मॅक्सवेल तिला म्हणाला, "मम्मी, हेचो प्लग कधी काढू नको हां. बंद केलंस तर तू माका हंयसून दिसाची नाय."

डबा आपल्या मोबाइलवर दिसायचा नाही, असं त्याला म्हणायचं होतं. तो 'तू' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चची आंजेलची, सांजप्रार्थनेची घंटा झाली, तिने मेणबत्ती लावली आणि तेर्स म्हणायला बसली. पूर्वी या जपमाळेला आजूबाजूची चार घरं जमायची. एक जण अर्धी ओळ म्हणायचा, उरलेली बाकीचे. आता दोन्ही अर्ध्या तिच्याच. तेर्स संपवून तिने क्रूसाची खूण केली, माळ डबीत ठेवली, आणि पाठीमागे स्पीकर आपोआप सुरू झाला. तेच व्हायोलिन.

ख्रिस्तांवांच्या घरात तेर्स संपलं की लहानांनी हात जोडून मोठ्यांसमोर उभं राहायचं आणि बेसांव मागायचं, आशीर्वाद. मॅक्सवेल लहानपणी एका दमात बेसांव म्हणून जेवायला पळायचा. आर्थर त्याला कॉलर धरून परत आणायचा. आता हे गाणं नेमकं त्याच वेळेला लागलं म्हटल्यावर कार्मेलिनाला वेगळं काय वाटणार? तिने स्पीकरकडे तोंड केलं, हात वर केला आणि हळूच म्हटलं, "देव बरें करूं, बाबा."

रोज तेर्स संपलं की गाणं लागायचं. कधी व्हायोलिन, कधी जुनं गोव्याकडचं काही. रविवारी मॅक्सवेलचा फोन यायचा, पण त्याला तिने याबद्दल कधी विचारलं नाही. बेसांव मागणाऱ्याला 'तू रोज मागतोस ना रे' असं कुणी विचारतं का? ते मागायचं, आपण द्यायचं. बोलून दाखवलं की पातळ होतं.

आठवड्याचे दिवस सगळे सारखेच असतात असं तिला पूर्वी वाटायचं. आता प्रत्येक दिवसाला एक शेवट आला. तेर्साला बसण्याआधी ती घरातला मळका गाऊन बदलायला लागली. बांद्याची बहीण लुर्डिना महिनाभर राहायला ये म्हणून मागे लागली होती, तिला हिने सरळ नाही सांगितलं. कारण विचारल्यावर पडद्यांची ऑर्डर आहे म्हणाली. रिकाम्या घरात पोराने गाणं लावायचं आणि ऐकायला मांजर, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

परतीच्या पावसात विजा फार. या भागातलं कुठलंही शहाणं माणूस पहिला गडगडाट झाला की घरभर फिरून पिना उपटतं. कार्मेलिनाने फ्रीजची पिन काढली, टीव्हीची काढली, शिलाई मशीनच्या मोटरचीसुद्धा काढली. डब्याशी आली आणि हात मागे घेतला. वीज माडावर पडली की काय असा आवाज झाला, खिडक्या हलल्या, आणि ती हिरव्या दिव्यासमोर स्टुलावर बसून राहिली, त्याच्यावर नजर ठेवून. दुसऱ्या दिवशी गुरुदासने हे ऐकलं तेव्हा तिची चांगलीच खरडपट्टी काढली. डबो जळलो तर दुसरो मिळता, घर जळला तर खंय रवतल्यात, असं त्याचं म्हणणं. तिने त्याला चहा दिला आणि पुढच्या गडगडाटालाही तेच केलं.

नाताळ तोंडावर आला होता. एका संध्याकाळी गाणं नुकतं सुरू झालं होतं आणि तिचा मोबाइल वाजला. मॅक्सवेल. तिकडे शनिवारची सकाळ, घरात पाहुणे येणार होते. मर्लिनला सोरपोतेल, डुकराच्या मटणाचं आंबट कालवण, करायचं होतं आणि व्हिनेगर किती घालायचं ते हवं होतं.

"थांब रे जरा," कार्मेलिना म्हणाली. "तुजा गाणा चालू आसा. ता संपांदे."

"खंयचा गाणा?"

"आता लावलंस ता."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग मॅक्सवेल हसला.

"मम्मी, ता मी नाय लावलंय. तेका टायमर आसा. पयल्या दिवशीच सेट करून ठेवलंय. रोज तुजा तेर्स झाला की आपोआप लागता. तुका काय करूक नको, माका पण काय करूक नको."

त्याच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःच्या हुशारीचं. कार्मेलिना उभी होती ती स्टुलावर बसली. स्पीकरमधलं व्हायोलिन आपल्या वाटेने चाललं होतं. ते कुणासाठी थांबणारं नव्हतं, आणि कुणी सुरू केलेलंही नव्हतं.

तिने आधी व्हिनेगरचं प्रमाण सांगितलं. काळीज वेगळं उकडायचं, तुकडे बोटाच्या पेराएवढे, आज शिजवलंस तर पाहुण्यांना उद्या वाढ, एक रात्र मुरल्याशिवाय ते सोरपोतेल नव्हे, साधं मटण, हेही सांगितलं. मर्लिनने मागून हे ऐकून कपाळाला हात लावला असणार, कारण पाहुणे त्याच दुपारी यायचे होते. मग कार्मेलिना म्हणाली, "मॅक्सवेल, तो टायमर काढ."

"कित्याक? आवाज मोठो येता काय?"

"नाय. तुका आठवण इली तर लाव. नाय इली तर नको."

तो वाईट मुलगा नव्हता. खोटं बोलणाराही नव्हता.

"मम्मी, मी इसारतलंय गो," तो म्हणाला. "ह्या कामाच्या रगाड्यात माका सुचाचा नाय. म्हणान तर टायमर लावलंय."

"ता माका म्हायती आसा. तरी काढ."

त्याने काढला. दुसऱ्या संध्याकाळी तेर्स संपताच गाणं लागलं, थोडं उशिरा. त्याच्या पुढच्या दिवशी तेर्साच्या मधेच लागलं. मग नाताळची गडबड आली, दोनदा लागलं. मग नवीन वर्ष सुरू झालं आणि थांबलं.

कार्मेलिना तेर्स संपल्यावर थोडा वेळ तशीच बसायची. वाट बघत नव्हती, असं ती स्वतःला सांगायची. गुडघे धरतात म्हणून बसते. शेजारच्या वाडीतल्या टीव्हीवरची भांडणं ऐकू यायची. मग ती उठून पेज गरम करायची. रविवारच्या फोनवर मॅक्सवेल एकदा म्हणाला, "सॉरी मम्मी, ह्या आठवड्यात जमाक नाय." ती म्हणाली, असूंदे. पुढच्या रविवारी तो सॉरी म्हणाला नाही, आणि तिला तेच बरं वाटलं. गाऊन बदलणं तिने सोडून दिलं. लुर्डिनाचा परत फोन आला तेव्हा येते म्हणाली, फेब्रुवारीत, आणि निघताना डब्याची पिन काढायची का ठेवायची, याचा विचार करत राहिली.

जायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपार कलली होती. ती मागच्या पडवीत विळीवर बसून बांगडे साफ करत होती. एकाएकी हॉलमधून बदकं ओरडायला लागली.

क्षणभर तिला कळेना. मग बदकांच्या मागून एक बाई इंग्रजीत गायला लागली, लहान मुलांसाठी गातात तशी, लाडात येऊन. अर्ध्यावर गाणं तुटलं. परत पहिल्यापासून बदकं. परत तुटलं. परत बदकं, पण आता आवाज वाढलेला. माशाचे हात तसेच वर धरून कार्मेलिना हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज आणखी वाढला. आर्थरच्या स्पीकरांची जाळी थरथरायला लागली, आल्तारवरची फुलदाणी सरकली, बाहेर गुरुदासचा कुत्रा रस्त्यावर उभा राहून घराकडे बघून भुंकायला लागला. कुणीतरी कुठेतरी, काही ऐकू येत नाही म्हणून, चिडून बटण दाबत होतं, दाबतच होतं. मग सगळं बंद.

दोन दिवसांनी तसंच झालं. नंतर परत. दर वेळी त्याच सुमाराला, बदकं, तुटणं, आवाज चढत जाणं. कार्मेलिना हातातलं काम टाकून यायची आणि शेवटचं बदक गप्प होईपर्यंत उभी राहायची. इंग्रजी शब्द तिला अर्धेच कळायचे.

रविवारी फोनवर मर्लिन होती. ती एलिनाची तक्रार करत होती. ही पोर हल्ली पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, टॅब घेऊन बसते, हॉलमधल्या स्पीकरवर गाणं लावायला बघते आणि ते लागत नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेते. "आमी लावला की लागता, मम्मी. तिनी लावला की लागणा नाय. वाचूक येणा नाय, काय दाबता कोण जाणे."

कार्मेलिनाला बदकं आठवली. त्यांच्या हॉलचं नाव आणि तिच्या घरातल्या डब्याचं नाव टॅबवर एकाखाली एक दिसत असणार. पोरीचं बोट खालच्यावर पडत होतं. तिकडे शांत हॉलमध्ये ती नाइट ड्रेसमध्ये बसून टॅबवर बोट आपटत होती आणि इकडे सगळी वाडी ऐकत होती. ही नात तिने एकदाच कडेवर घेतली होती. फोनवर ती 'हाय ग्रँडमा' म्हणून पळून जायची, त्यापुढे दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मागून मॅक्सवेलने विचारलं, डबा व्यवस्थित चालतोय ना.

"चलता," कार्मेलिना म्हणाली. "काय्येक झाला नाय तेका."

लुर्डिनाला तिने फोन करून सांगितलं की पडद्यांची मोठी ऑर्डर आली आहे, आता एप्रिलशिवाय निघता येणार नाही. मॅक्सवेलला बदकांचं ती कधीच बोलली नाही. बोलली असती तर त्याने ते तिथल्या तिथे दुरुस्त करून टाकलं असतं.