पाठीवरचा खो

आमचे चिरंजीव ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी चेंडू काखेत मारून घरी आले आणि सोफ्यावर असे आदळले की सोफा कण्हला. तोंड एवढंसं झालेलं.

"काय रे, काढलं की काय टीममधून?" मी विचारलं.

"नॉट येट," तो म्हणाला.

हा इथला, अमेरिकेतला फुटबॉल. हातात धरून पळतात आणि म्हणतात फुटबॉल! टेक्सासमधल्या प्लेनोत आल्यापासून आठ वर्षं मी यावर वाद घालतोय, कोणी ऐकत नाही. मी पुण्याचा. क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ मला घाम गाळायची निमित्तं वाटतात. पण आमचं पोर लहानपणापासून अंगाने भरलेलं. भारतात गेलो की प्रत्येक काकू, प्रत्येक मावशी आधी त्याचे गाल ओढायची आणि मग माझ्या बायकोला डाएटचे धडे द्यायची. त्याला सगळं कळायचं, तो बोलायचा मात्र काही नाही. इथल्या हायस्कूलच्या कोचने त्याला पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणीतरी म्हणालं, "तू एवढा मोठा आहेस हे फार बरं झालं." त्या एका वाक्यासाठी मी त्या कोचला पुढचे सगळे अपराध माफ केले.

तर आमचा मुलगा लाइनमन. म्हणजे पुढच्या फळीत वाकून उभ्या राहणाऱ्या पाच धष्टपुष्टांपैकी एक. यांच्या हाती चेंडू लागत नाही, यांचं नाव कोणी घेत नाही. समोरच्याला अडवायचं, मागे उभ्या, चेंडू खेळवणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला वाचवायचं, धुळीतून उठायचं आणि परत वाकायचं. मुलगा होता गार्ड, म्हणजे मधल्याच्या शेजारचा, आणि तोही राखीव. शाळेचं शेवटचं वर्ष लागलं आणि नेमका मधला मुलगा, सेंटर, वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेला. कोच आमच्या पोराला म्हणाले, "तुला सगळे डावपेच पाठ आहेत. पहिल्या मॅचपर्यंत सेंटर शीक. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर मी धाकट्या बॅचचा मुलगा घेईन." मॅचला अडीच आठवडे होते.

"मग शीक की! शेजारचीच तर जागा," मी म्हणालो.

"बाबा, यू डोन्ट गेट इट."

खरंच नव्हतं कळलं. सेंटरपुढे चेंडू जमिनीवर असतो. तो त्याने स्वतःच्या दोन पायांमधून मागे, पाच-सहा पावलांवरच्या क्वार्टरबॅकच्या छातीशी पोचवायचा, आणि त्याच क्षणी समोरच्या बैलाला जाऊन भिडायचं. चेंडू हलायच्या आधी पाचातला कोणी तसूभर पुढे सरकला तरी फाउल. इतकी वर्षं हा नुसता भिडत होता. आता आधी द्यायचं होतं, आणि देता देता भिडायचं होतं.

मी म्हणालो, "त्यात काय! मी कॉलनीचा विकेटकीपर होतो." घरामागच्या गल्लीत, गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर मी पवित्रा घेऊन उभा राहिलो. पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून शेजाऱ्याच्या कुंपणावर. दुसरा घरंगळत आला. तिसरा माझ्या करंगळीवर. करंगळी गाजरासारखी सुजली आणि मी पुण्याच्या भाषेत जे बोललो ते इथे लिहीत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको हे सगळं पाहत होती. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सरका."

ती नागपूरची. युनिव्हर्सिटीच्या संघातून खो-खो खेळलेली. लग्नाआधी आलेल्या बायोडेटात तसं स्वच्छ लिहिलं होतं, "आवड: वाचन, खो-खो." मी वाचनावर खूश झालो आणि पुढचं विसरून गेलो. आठ वर्षं ती इथे माझ्या व्हिसावर होती, नोकरी करायची परवानगी नाही. तेवढ्या काळात तिने लायब्ररीत फुकट काम केलं आणि भारतातून नव्याने आलेल्या निम्म्या बायकांना ड्राइव्ह करायला शिकवलं. शिकवायला ती कशी आहे हे अख्ख्या प्लेनोला माहीत होतं. मला सोडून.

तिने त्याचे तीन चेंडू पाहिले. मग म्हणाली, "तू चेंडू द्यायच्या आधीच मनाने उठून राहिला बे. म्हणून तो वर जातो. बैस खाली."

आत जाऊन ती रांगोळीचा डबा घेऊन आली. दिवाळीसाठी शेजारच्या अर्विंग गावातल्या देशी दुकानातून आणलेली रांगोळी! "अगं, चुन्याची पावडर मिळते इथे," मी म्हणालो. तिने ऐकलंच नाही. ड्राइव्हवेवर सरळ रेघ मारली, रेघेवर चौकोन आखला आणि त्या अडीच मणाच्या पोराला चौकोनात उकिडवं बसवलं. बसवलं म्हणजे काय, बसवायचा प्रयत्न केला. अमेरिकेत वाढलेलं पोर ते, टाचा टेकल्या की मागे कोसळायचं. पहिले चार दिवस चेंडूला हात लावू दिला नाही तिने. नुसतं बसायचं. मला वाटलं, संपलं, चार दिवस फुकट गेले. पण पाचव्या दिवशी पोरगं वाकलं तेव्हा मलाही फरक दिसला. टाचा जमिनीला, कंबर खाली, पाठ पाटासारखी सपाट.

मग तिने त्याला खो-खो समजावला. खेळाडू रांगेत बसलेले. पाठलाग करणारी मागून येते, पाठीवर थाप मारते, "खो" म्हणते, की तू उठलास. खो मिळायच्या आधी हललास तर फाउल.

"वेट! दॅट्स फॉल्स स्टार्ट!" पोराचे डोळे चमकले. "सेम रूल!"

"असेल. आम्ही त्याला उतावीळपणा म्हणत होतो."

त्या दिवसापासून आमची वरात रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर. शंभर डिग्री फॅरनहाइटमधलं काँक्रीट पायाखाली भाजायचं. बायको ओढणी कमरेला खोचून पोराच्या बाजूला. मी पाच पावलं मागे, ओव्हनचे हातमोजे घालून. तिने पाठीवर थाप मारून "खो!" म्हटलं की चेंडू यायचा. "फेकू नको, दे," ती सांगायची. "खो देतात, फेकत नाहीत." दहाव्या दिवशी चेंडू माझ्या छातीशी येऊन असा विसावला, की मी हातमोजे काढून ठेवले. बायकोच्या चेहऱ्यावर मी ते तेज कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला. घरात एवढी मोठी खेळाडू आणि मी इतकी वर्षं तिला क्रिकेटचा स्कोअर ऐकवत होतो.

मग झाली ती माती.

पहिल्या मॅचच्या आधी दुसऱ्या शाळेबरोबर सरावाचा सामना होता. प्रेक्षक म्हणजे आम्ही तीस-चाळीस आईबाप, सगळीकडे शांतता. पोरगा सेंटरला. चार चेंडू सुरेख दिले. पाचव्या वेळी सगळे वाकले, क्वार्टरबॅक अजून इकडेतिकडे पाहत इशारे करत होता, आणि माझ्या शेजारी बायकोच्या तोंडून निघून गेलं, "खो!"

मैदानावरचा आवाज तो, नागपुरात घडलेला. पोरगा क्षणाचाही विचार न करता उठला. चेंडू क्वार्टरबॅकच्या खांद्यावरून मागे गेला, समोरच्यांनी उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपार. कोचने टोपी जमिनीवर आपटली. मिनिटभरात ते धाकट्या बॅचचं पोर सेंटरला आणि आमचं बाकावर.

घरी आल्यावर बायको चपलाही न काढता गॅरेजच्या पायरीवर बसली आणि रडली. "माझ्या जिभेने घालवली हो त्याची जागा," म्हणाली. मी काहीबाही समजावलं. मला ती कला नाही. शेवटी पोरगाच तिच्या शेजारी येऊन बसला, पायरी मावेना तरी बसला. "आई, माझी बॉडी फक्त तुझं ऐकते," तो म्हणाला. "दॅट्स द प्रॉब्लेम."

ती डोळे पुसायची थांबली. उठून रांगोळीच्या रेघेपाशी गेली. "आवाजाने तू कोणाच्याही खोला उठशील," ती म्हणाली. "उद्यापासून तोंड बंद. नुसता हात. आमच्या खेळात मुका खो फाउल होता. इथे कोण पंच बसलाय?"

पोराला लगेच कळलं. प्रेक्षकांचा आवाज फार असला की मोठे संघ असंच करतात म्हणे: शेजारचा गार्ड मान वळवून क्वार्टरबॅकच्या पायाचा इशारा बघतो आणि सेंटरला थाप मारतो. आमचा पोरगा सेंटरला नवा, म्हणून कोचने ही पद्धत त्याच्यावर टाकली नव्हती. पोरगा दुसऱ्या दिवशी त्या गार्डलाच घरी घेऊन आला. लालबुंद गालांचा, धिप्पाड टेक्सन मुलगा. बायकोने त्यालाही उकिडवं बसवलं, आधी खो घ्यायला शिकवला, मग द्यायला. जाताना तो चार पोळ्या आणि भेंडीची भाजी खाऊन "थँक यू, मॅम" म्हणाला. तीन दिवस आमच्या ड्राइव्हवेवर कोणी चकार शब्द बोललं नाही. नुसत्या थापा.

सरावात दोघांची ती जोडी पाहून कोच पोराला म्हणाले, "सुरुवात तू कर. एक चेंडू चुकलास की बस."

पहिली मॅच दुसऱ्यांच्या मैदानावर. अख्खं गाव लोटलेलं, त्यांचा बँड आमच्या कानाशी. बायको माझ्या शेजारी बसेना. मागच्या ओळीत बसली, ओढणीचा बोळा तोंडात कोंबून. खाली कोचच्या शेजारी ते धाकटं पोर हेल्मेट घालून तयार उभं. सगळे वाकले. आवाज एवढा की माझाच मला ऐकू येईना. गार्डने मान वळवली, हात हलला, आणि त्याच क्षणी माझ्या पाठीत धप्पकन थाप बसली.

मी दचकून मागे पाहिलं. बायकोचं लक्ष मैदानावर. पुन्हा पाहिलं तोवर चेंडू क्वार्टरबॅकच्या छातीशी पोचलाही होता.

पुढे प्रत्येक वेळी तेच. तिकडे गार्डची थाप, इकडे माझ्या पाठीत बायकोची. एकदाही चुकली नाही. हाफ टाइमपर्यंत ते धाकटं पोर हेल्मेट काखेत घेऊन बाकावर बसलेलं दिसलं, आणि माझी पाठ ठणकत होती. मी कुरकुर केली नाही. माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ असावी.

शेवटी आम्ही चार गुणांनी मागे, काही सेकंद उरलेले, रेषा तीन पावलांवर. त्यांचं गाव उभं राहून किंचाळत होतं. पोरगा वाकला, टाचा जमिनीला, पाठ पाटासारखी. गार्डने मान वळवली.

पाठीत थाप बसली आणि मी उठलो! या खेळाला आयुष्यात कधी उभा न राहिलेला मी, ताडकन. चेंडू गेला, पोरगा समोरच्याला छातीने रेटत दोन पावलं मागे घेऊन गेला आणि त्याच्या पाठीमागून क्वार्टरबॅक रेषेपार. सहा गुण, मॅच आमची! मी काय ओरडलो मला माहीत नाही. बायको म्हणते, मी "खो" ओरडलो.

नंतर कुंपणापाशी पोरगा आला, केस चिकटलेले, हनुवटी सोललेली. "आई, तुझा आवाज नाही आला," तो म्हणाला.

"बाबांच्या पाठीला विचार," ती म्हणाली, आणि कुंपणावरून हात घालून त्याच्या घामेजल्या डोक्यावरून फिरवत राहिली.

तेवढ्यात कोच आले. त्यांनी टोपी काढली. "मॅम," ते म्हणाले, "माझा सेंटर तुम्ही तयार केलात. सोमवारी मैदानावर याल? लाइनमधल्या बाकीच्या मुलांनाही ते बसणं शिकवायचंय."

बायको माझ्याकडे वळली, आणि आठ वर्षांत न ऐकलेल्या घाईघाईच्या आवाजात मराठीत म्हणाली, "अहो, घरी रांगोळी किती उरली आहे?"