उत्तमच्या गाडीच्या तीन बॅटऱ्या

परवा गिरणीत दळण घेऊन बसले होते. पलीकडच्या आळीतली सुमन कुणाला तरी सांगत होती, "उत्तमनं गाडी इकली म्हनं! आन् नोकरीचं बी आता..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला अन् घरघर सुरू! सुमनचे ओठ हलताना दिसत होते. समोरच्या बाईनं कपाळाला हात लावलेला दिसला. ऐकू मात्र काही येईना!

उत्तमचं घर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. त्याच्या गाडीचे किस्से इतके साठलेत की पायली दळून होईस्तोवर सांगितले तरी सरायचे नाहीत. घडताना लई हसलो आम्ही. आता सांगताना हसू येत नाही, तरी सांगते.

आधी एवढं ध्यानात घ्या. उत्तमचा उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेला. किक मारण्याइतका जोर त्या पायात नाही. म्हणून त्यानं जुनी का होईना, पण बटनस्टार्ट मोटरसायकल घेतली. तालुक्याला, केजला एका ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात तो कामाला. दुकानाची चावी त्याच्याकडं, अन् नऊला शटर वर गेलंच पाहिजे ही मालकाची अट. आमच्या गावची जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे बॅटरी चालली तरच नोकरी चालणार!

*

पहिली बॅटरी बसायला लागली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "पानी कमी झालंय, टाकून घ्या." उत्तमला कामाची घाई. त्यानं बायकोला, शोभाला, सांगितलं अन् गेला जेवायला.

आठ दिवसांत बॅटरी ठार! मिस्त्रीनं विचारलं, "वहिनी, पानी कोन्तं टाकलं?"

शोभा म्हणाली, "साधं न्हाई हो भाऊ! जारचं फिल्टर पानी इकत आनून टाकलं. चांगलं गार हुतं!"

आम्ही बोअरचं पितो, अन् बॅटरीला जारचं! बॅटरीचं पाणी दुकानात वेगळं मिळतं, हे तिला तरी कुणी सांगितलं होतं?

*

दुसरी बॅटरी दसऱ्याला गेली. सकाळी गाडी धुतली, हार घातला, हळदीकुंकू झालं. पूजा उठून दिसावी म्हणून उत्तमनं चावी फिरवून पुढचा बारका लाइट लावला अन् आपट्याची पानं आणायला गेला.

त्याची आई, गयाबाई, दिवसभर गाडीजवळ बसून. शोभा लाइट बंद करायला गेली तर म्हातारीनं हातच धरला. "पूजेतला दिवा इझवती व्हय गं? आपनहून शांत हू दे!"

संध्याकाळी झाला की शांत! गयाबाईनं हात जोडले अन् म्हणाली, "लई येळ तेवला पर."

दुसऱ्या दिवसापासून गाडी ढकलून चालू करायची पाळी आली. मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत उतार आहे. रोज साडेआठला आमचे हे अन् आळीतली आणखी दोघं-तिघं गाडीच्या मागं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ह्यांनी मला कधी घागर उचलू लागली नाही. उत्तमची गाडी मात्र चुकली नाही!

मी तसं बोलून दाखवलं तर म्हणतात, "तू ढकलल्यावर चालू तरी हुती का?"

*

तिसरी बॅटरी आली तेव्हा उत्तमनं घरात कायदाच काढला. गाडीला कुणी हात लावायचा नाही! स्वतः तर हॉर्नसुद्धा वाजवेना, बॅटरी उतरेल म्हणून. नुसताच ओरडत जायचा, "ओ आत्या, सरका! ओ दादा, बाजूला!" वळायचं असलं की हात बाहेर.

एकदा पाराजवळ म्हैस आडवी बसलेली. हा आपला ओरडतोय, "ऊठ की गं माय, उशीर हुतोय!" म्हैस काही उठेना. ह्यांनी विचारलं, "हॉर्न दे की रे! कशाला जपून ठिवलाय?"

"आप्पा, हॉर्न वाजवला तर उद्या तुमालाच ढकलावं लागंल."

ह्यांनी मुकाट्यानं म्हैस उठवली.

*

एवढं जपूनही तिसरी बॅटरी महिन्याभरात बसली. पहिलीला शोभा बोलणी खाऊन बसली होती, दुसरीला गयाबाई. तिसरीला दोष द्यायला घरात कुणी उरलंच नव्हतं!

अन् बसली कधी, तर भरतीचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी. त्या सकाळी पाच जणांनी गाडी शाळेपर्यंत ढकलली, परत वर आणली, पुन्हा ढकलली. फुर्र नाही की फट नाही. शेवटी उत्तम जीपमध्ये बसला. तीही भरेना. तो उठून ड्रायव्हरला म्हणाला, "दोन शिटाचं माझ्याकडून घे, पर चल."

केजला पोचला तेव्हा दुकान उघडं होतं. आत मालक, बाहेर पोरांची रांग. उत्तमनं खिशातली चावी काढली. मालक मान वर न करता म्हणाला, "कुलूप तोडलंय. चावी घेऊन जा आठवन म्हनून."

*

केजचं हे सगळं मला नंतर शोभानं सांगितलं. गिरणीतून आले ती पिठाचा डबा ठेवला अन् विरजणाची वाटी घेऊन थेट त्यांच्या दारात. विरजण माझ्या घरात होतं, पण विचारायला काहीतरी निमित्त पाहिजे ना!

बघते तर गाडी अंगणातच. धुतलेली, पुसलेली. उत्तम तिच्यावर बसलेला.

"अरे, गाडी इकली म्हनत हुते!"

"न्हाई काकू. काल केजलाच ठिवलती, टेम्पोत घालून नेली. मिस्त्रीनं दिवसभर तपासली. आजवर मला दिवसभर कधी येळच नव्हता ना. रेग्युलेटर खराब हुता. इंजिनातला करंट बॅटरीपर्यंत जातच नव्हता. त्यो बदलला, बॅटरी चार्ज करून दिली."

"म्हंजी बॅटरी..."

"तिन्ही चांगल्याच हुत्या."

आत शोभा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. गयाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

उत्तमनं बटन दाबलं. एका टचला गाडी चालू! त्यानं बंद केली. पुन्हा दाबलं, पुन्हा चालू. बंद. पुन्हा दाबलं.

मी म्हणाले, "आता कुठं निघालास रे?"

"कुठंच न्हाई, काकू," तो म्हणाला अन् हॉर्न वाजवला. चांगला लांब वाजवला.