वेशीवर अंथरलेलं घोंगडं
हुरडा भाजल्याचा वास आला की मला प्लेग ओसरल्यानंतरचा तो हिवाळा आठवतो. आम्ही चौघे पुण्याचे मित्र सायकलींवरून घोडनदीकाठची गावं बघत रमतगमत चाललो होतो. एका वेशीवर म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. "पावणं, थितंच थांबा! पुण्याचा रोग हितं नगं!" त्याचा मुलगा प्लेगात गेला होता. आम्ही सायकली वळवल्या, तेवढ्यात शेजारच्या वावरात हुरडा भाजणारी त्याची विधवा सून पुढं आली. "मामंजी, रोग गेला आता. माणसाला किती दिस भ्यायचं?" म्हाताऱ्यानं आडवी धरलेली काठी बाजूला घेतली. मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं आमच्यासाठी अंथरलं आणि म्हणाला, "बसा, लेकरांनो." आज मी त्याच्याच वयाचा झालोय, दारात अनोळखी कोणी आलं, की आधी बसायला सांगतो.